जुळवणीकडून मोजणीकडे

नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते या चौकडीने ज्यांचा छंद ऐन भरात असताना हिरावून नेला, आणि सेवानिवृत्तीने ज्यांच्या पदरात दिवसाचे सगळे प्रहर एकदम परत टाकले, अशा मंडळींत एक लहानसा परंतु चिवट वर्ग असा आहे की, ज्याच्या माळ्यावरील पत्र्याच्या डब्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे ट्रान्झिस्टर, पाय वाकलेले कंडेन्सर, कुठल्याशा मोडीत निघालेल्या रेडिओचा गँग आणि टोक झिजलेले सोल्डरिंग आयर्न अद्यापि जपून ठेवलेले असते. ही मंडळी विद्यार्थिदशेत किंवा नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत स्वहस्ते अ‍ॅम्प्लिफायर जुळवीत असत. आणि आज नातवंडे शाळेत गेल्यावर घर रिकामे झाले म्हणजे त्यांचे हात पुन्हा त्या डब्याकडे वळतात. तेथून पुढे त्यांस जे जग दिसते ते इतके ओळखीचे आणि त्याच वेळी इतके परके असते की, पुष्कळांचा उत्साह पहिल्या महिना-दीड महिन्यातच मावळतो. तो मावळण्याचे तसे काही कारण नाही. फक्त मधल्या काळात या छंदाचा मध्यबिंदू आपल्या जागेवरून सरकला आहे, आणि तो कोठे जाऊन बसला आहे हे परतणाऱ्याने आधी ध्यानात घेतले पाहिजे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ही निव्वळ हौस नव्हती; तीत काटकसरीचा वाटा मोठा होता. परदेशी मालावर निर्बंध आणि जकात यांचा खडा पहारा, देशी कारखान्यांची तयार यंत्रे मध्यमवर्गीयाच्या पगाराला न झेपणारी, आणि साधा रेडिओ बाळगावयाचा म्हटले तरी टपाल कचेरीतून परवान्याचे पुस्तक काढून दरसाल त्याची फी भरण्याची सक्ती, असा तो काळ होता. अशा स्थितीत ज्याच्या अंगी थोडे कसब असेल त्याने मुंबईस ग्रँट रोड स्थानकाबाहेर पडून लॅमिंग्टन रोडची वाट धरावी (महापालिकेच्या दप्तरी त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे; पण सुट्या भागांची यादी खिशात घालून निघालेल्या माणसाच्या तोंडी ते क्वचितच येते), किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठावी; १९५४ साली बंगळुरास स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याचे ट्रान्झिस्टर नगावर मोजून घ्यावेत; आणि दिल्लीहून १९६९ पासून निघू लागलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकातील एखाद्या आकृतीबरहुकूम जुळवणी करावी, असा शिरस्ता होता. तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पाटीवर नेलपॉलिशने रेषा ओढून ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवीत बसणे, आणि त्या द्रावणाचे पिवळे-तपकिरी डाग न्हाणीघराच्या फरशीवर पडले म्हणून घरातल्यांची बोलणी खाणे, हेही त्या विधीत ओघानेच येई. गणेशोत्सव जवळ आला म्हणजे गल्लीतल्या मंडळाकडून अशा होतकरू कारागिरास बोलावणे येई, आणि दहा दिवस यंत्र न बिघडता चालले तर पुढल्या वर्षाची वर्दी त्याच मांडवात मिळे.

१९९१ नंतर आयातीची दारे उघडली, परदेशी बनावटीची यंत्रे आणि पुढे सीडी प्लेअर मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आले, आणि काटकसरीचा मुद्दा आपोआप निकालात निघाला. आज तर हिशेब पुरता उलटला आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप बसविलेली तयार पाटी तळहातावर मावते, विजेच्या दर शंभर वॅटपैकी नव्वदच्या आसपास स्पीकरपर्यंत पोहोचविते, आणि किमतीने इतकी किरकोळ असते की, तेवढ्या पैशांत हौशी माणसाला चांगला ट्रान्सफॉर्मरदेखील मिळावयाचा नाही. तेव्हा पैसे वाचविण्यासाठी आज कोणी अ‍ॅम्प्लिफायर करू म्हणेल तर त्याने करू नये, हे स्पष्ट सांगणे बरे. जुळवणी हे ज्या काळी दुर्मीळ कसब होते तो काळ गेला. पाटीवरील रेषा आता संगणकावर आखून कारखान्याकडे धाडल्या की, छिद्रे पाडून, हिरवा लेप देऊन, अक्षरे छापून ती पाटी घरपोच येते, आणि रेषा आखण्याचे कायकॅड हे साधन विनामूल्य आहे. मग हौशी माणसाने करावयाचे काय राहिले? माझ्या मते राहिली ती परीक्षा: मिळालेला भाग खरा आहे काय, बांधलेले यंत्र म्हणते ते करते काय, आणि कानाला वाटते ते वस्तुतः तसे आहे काय. वर सांगितलेल्या चिपचेच पाहा. तिच्या माहितीपत्रात प्रत्येक बाजूस ५० वॅट असा ठळक आकडा आहे. तो २१ व्होल्टांवर, ४ ओहमच्या स्पीकरसाठी, आणि ध्वनीतील विकृती १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिली तर, हा तपशील मात्र आत वाचावा लागतो. दहा टक्के विकृतीचे गाणे ऐकण्यासारखे नसते.

परतणाऱ्याने पहिल्याच दिवशी नवी खरेदी करू नये. माळ्यावरचे आपले जुने यंत्र खाली काढावे. परंतु वीस-पंचवीस वर्षे निजलेले यंत्र तसेच भिंतीवरील प्लगात खुपसणे हा अविचार होय, आणि त्याचे कारण यंत्रातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांत आहे. या कंडेन्सरात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर असतो, एका व्होल्टमागे सव्वा ते दीड नॅनोमीटर एवढाच. आणि सारे विद्युत्‌रोधन त्या थराच्या भरवशावर चाललेले असते. व्होल्टता मिळत असते तोवर आतील द्रव हा थर सतत दुरुस्त करीत राहतो, दीर्घकाळ ती न मिळाल्यास थर झिजतो, आणि अशा झिजलेल्या थरावर एकदम पूर्ण व्होल्टता आली म्हणजे आतून प्रवाह गळू लागून कंडेन्सर तापतो, फुगतो, क्वचित फुटतोही. तीच व्होल्टता हळूहळू चढविली तर मात्र थर पुन्हा बांधला जातो. उष्णतेचेही त्याला वावडे असून, तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते असा कारखानदारांचा ठोकताळा आहे. म्हणून पत्र्याखाली, माळ्यावर, वैशाखामागून वैशाख काढलेल्या यंत्रातले कंडेन्सर संशयितच समजावेत.

अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानातील जुना सिरीज बोर्ड उपयोगी पडतो. विजेच्या वाटेत यंत्राआधी तारेचा एक शंभर वॅटचा दिवा जोडलेला असतो, एवढेच त्याचे स्वरूप. पण त्याची युक्ती पाहण्याजोगी आहे. दिव्याची तार थंड असताना तिचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. तापल्यावर, २३० व्होल्टांवर, तो सुमारे ५३० ओहमांवर जातो. बटण दाबताच रिकामे कंडेन्सर भरू लागतात आणि दिवा क्षणभर भक्कन उजळतो. यंत्र निरोगी असेल तर एक-दोन सेकंदांत तो उतरत उतरत तांबूस होतो आणि जवळजवळ विझतो. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा उजळलेलाच राहतो, सारी व्होल्टता स्वतःवर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचवितो. तांबूसपणा रेंगाळला, विझता विझेना, तर कंडेन्सर गळत आहेत किंवा एखादा ट्रान्झिस्टर अर्धवट मेला आहे असे मानून पुढचा तपास करावा. या कामी एलईडीचा दिवा चालत नाही, कारण तापले की विरोध वाढविण्याचा गुण त्यात नाही. आणि तारेचे दिवे बाजारातून नाहीसे होत चालल्यामुळे दिसतील तेथून दोन-तीन घेऊन ठेवावेत. हा दिवा यंत्राचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. झाकण काढलेल्या यंत्रात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, आणि भरलेले कंडेन्सर पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे तर शंभर ओहमच्या पाच वॅटी रेझिस्टन्समधून रिकामे करावेत. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीन-चारशे व्होल्ट सहज असतात. हात बसला नसेल तोवर त्याच्या वाटेस जाऊ नये हे उत्तम.

यानंतर सोल्डरकडे वळू. जुने सोल्डर कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचे; ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असले की ते १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम गोठते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विक्रीच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालात शिशाला मनाई केली, तेव्हापासून कारखाने कथील, चांदी आणि तांबे यांचे जे मिश्रण वापरू लागले त्यास २१७ ते २२० अंश लागतात, आणि त्याचा जोड थंड झाल्यावर निस्तेज, किंचित खरबरीत दिसतो. आपली जुनी नजर चकाकणाऱ्या जोडाला चांगला आणि निस्तेज जोडाला ‘ड्राय सोल्डर’ म्हणावयास शिकलेली. त्यामुळे आधुनिक यंत्र उघडताच परतलेला गृहस्थ त्यातील निर्दोष जोड एकामागून एक पुन्हा तापवीत सुटतो आणि नाजूक पाटीवरची तांब्याची रेष उखडून बसतो. घरगुती कामास शिशाचे सोल्डर अजून मिळते आणि ते हाताळावयास सोपे आहे. खिडकी उघडी ठेवावी, राळेचा धूर नाकात जाऊ देऊ नये, आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत.

डोळ्यांचे गाऱ्हाणे मात्र सोल्डरने मिटत नाही. पूर्वी रेझिस्टन्सवर चार पट्टे असत, अंग मातकट, आणि पिवळा-जांभळा-लाल दिसले की ४७०० ओहम हे उत्तर विचार करण्यापूर्वीच जिभेवर येई. आता अंग निळसर, पट्टे पाच, आणि त्या निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी, लाल व नारिंगी यांतला भेद तरुण डोळ्यांसही कठीण. सरफेस माउंट पद्धतीच्या रेझिस्टन्सची तर गोष्टच निराळी: त्यातला जो ऐसपैस समजला जातो तो दोन मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद. भिंग लावलेला दिवा घ्यावा. आणि प्रत्येक रेझिस्टन्स पाटीत घालण्यापूर्वी मल्टिमीटरवर मोजावा. पूर्वी हे कोणी करीत नसे, कारण गरज नव्हती. आता सवयच करून घेतलेली बरी.

मोजण्याची ही सवय खऱ्या अर्थाने कामास येते ती बाजारात. त्या काळी माल मिळत नसे, पण मिळाला तर तो बहुधा अस्सल असे. आज सर्व काही मुबलक आहे आणि कशाचाही भरवसा नाही. काउंटरवर ‘ओरिजिनल हवा की चालू?’ असा सरळ प्रश्न ज्या दुकानात विचारला जातो ते दुकान त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावे. गाजलेल्या नावांचीच नक्कल अधिक होते. अमेरिकेतील आरसीएने साठच्या दशकात काढलेला २एन ३०५५ हा पोलादी टोपीचा ट्रान्झिस्टर ११५ वॅट उष्णता सोसण्याच्या लायकीचा. आपल्याकडे ज्याने म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर केला त्याने तो हाताळला नाही असे सहसा झाले नाही. आज त्याच नावाच्या टोपीत कोणा चोराने नखाच्या कोपऱ्याएवढा सिलिकॉनचा तुकडा बसविलेला असतो. टोशिबाच्या २एससी ५२०० आणि २एसए १९४३ या जोडीची तीच कथा. सान्योच्या एसटीके मॉड्यूलांवर आपल्याकडील घरोघरच्या यंत्रांची एक अख्खी पिढी पोसली गेली. त्या कंपनीचा अर्धवाहक विभाग २०११ मध्ये ऑन सेमिकंडक्टरकडे गेला आणि ती मॉड्यूले निघेनाशी झाली, तरी त्या क्रमांकांचा ‘नवा’ माल बाजारात मिळतच असतो. आतून बहुतांशी पोकळ असलेले मोठे कंडेन्सरही पाहण्यात येतात: बाहेरचा डबा ऐटबाज, आणि आत त्याच्या निम्म्या-पाव आकाराचा दुसराच कंडेन्सर.

उपाय काय? दहा नग घेतले तर एकाचा बळी द्यावा. कानशीने टोपी कापून आतला तुकडा उघडा केला म्हणजे काय समजावयाचे ते समजते; अस्सल नगातील तुकडा शेजारी ठेवला तर शंकेस जागाच राहत नाही. प्लॅस्टिकच्या नगाची परीक्षा भार देऊन घ्यावी. मायका आणि हीटसिंक पेस्ट नीट लावून तो मोठ्या हीटसिंकवर बसवावा, ३० व्होल्टांवर १ अँपिअर प्रवाह वाहू द्यावा, म्हणजे ३० वॅटचे ओझे झाले. दीडशे वॅटची ग्वाही देणारा अस्सल नग अर्धा तास हे मुकाट्याने सोसतो. तोतया बहुधा पहिल्या काही मिनिटांतच राम म्हणतो. कंडेन्सरांची धारिता मोजणारे मीटर आता स्वस्त मल्टिमीटरातच असते, तेव्हा ते न मोजण्यास सबब उरलेली नाही.

या सगळ्या खटाटोपाचे चीज जेथे होते ती जागा म्हणजे शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरांमधील हस्तांतर, आणि या छंदातील सर्वांत रसाळ प्रकरण मला तेच वाटते. ध्वनीची लहर शून्याच्या वर आणि खाली अशी दोहोंकडे जाते. नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. एकाच उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालावे तसे हे काम चालते, आणि सारे कौशल्य एकीचे मुसळ उठताना दुसरीचे पडण्याच्या त्या संधिक्षणात असते. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्यावाचून जागा होत नाही. म्हणून दोघांनाही विश्रांतीच्या वेळीसुद्धा थोडा प्रवाह देऊन अर्धवट जागे ठेवावे लागते. हा प्रवाह कमी पडला तर शून्यापाशी लहरीत खाच पडते. बरे, जास्त द्यावा तर यंत्र उगाच तापते, आणि तापण्याने दुसरे संकट ओढवते: तापमान एका अंशाने वाढले की ट्रान्झिस्टरला जागे करण्यास लागणारी व्होल्टता सुमारे २ मिलिव्होल्टांनी उतरते, म्हणून तो अधिक प्रवाह घेतो, म्हणून आणखी तापतो, आणि या फेऱ्याला आवर घातला नाही तर त्याचा शेवट धुरात होतो. तो आवर घालणारा लहान ट्रान्झिस्टर मोठ्यांच्या शेजारी, त्याच हीटसिंकला टेकवून बसवावा लागतो, हे जुन्या आकृत्यांत लिहिलेले असे आणि घाईत हमखास वगळले जाई. आता एमिटरमधील ०.२२ ओहमच्या रेझिस्टन्सवर मीटर लावावा, २२ मिलिव्होल्ट दिसले म्हणजे १०० मिलिअँपिअर झाले. यंत्र पुरते तापू देऊन पुन्हा पाहावे, आणि मग प्रिसेट फिरवून आकडा जागेवर आणावा.

ही खाच मोठ्या आवाजात लपते आणि मंद आवाजात उघडी पडते, कारण तिचे माप तेच राहून लहर मात्र लहान होते. म्हणून तिला पकडावयाचे तर ढोल-ताशा कामाचा नाही, तंबोरा हवा. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असताना भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला आणि तंबोरा व वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीचा विशेष दाखवून दिला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी तेथे ज्या स्वरांशांची निष्कंप जागा असेल ते स्वरांश उमटू नयेत, असा पाश्चात्त्य वाद्यांवरून बसविलेला नियम आहे. तार आणि घोडी यांमध्ये जवारीचे सूत सरकविलेला तंबोरा तो नियम मानीत नाही, आणि नियमाने गप्प बसावेत असे वरचे स्वरांशदेखील त्याच्या झंकारात स्पष्ट उमटतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घोडी घाशीत, कानाने जे साधीत आले त्याचे हे शास्त्र. आमच्या दृष्टीने त्यातला उपयोगाचा भाग एवढाच की, एका छेडीत खर्जापासून वरपर्यंत स्वरांशांची दाट रांग उभी राहते आणि ती सावकाश विरत शून्याकडे जाते. अ‍ॅम्प्लिफायरमधील हस्तांतर सदोष असेल तर प्रत्येक स्वरांश दुसऱ्याशी अनाहूत संकर करून तेथे नसलेले सूर निर्माण करतो, आणि विरत जाणारा झंकार शेवटी शेवटी वाळूत पाय घासल्यासारखा खरखरतो. नुसत्या तंबोऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण लावून, व्हॉल्यूम अगदी उतरवून, ही शेपटी ऐकावी. महागडी परीक्षण-तबकडी आणण्याची गरज नाही.

ऐकलेले मोजूनही पाहता येते, आणि परतलेल्या माणसाला या युगाची खरी देणगी हीच आहे. ज्या विकृतिमापकासाठी पूर्वी प्रयोगशाळेची दारे ठोठवावी लागत, त्याचे काम घरचा लॅपटॉप, एक बऱ्यापैकी बाह्य साउंड कार्ड आणि विनामूल्य मिळणारी संगणक-प्रणाली मिळून करतात, आणि एक शतांश टक्क्याहून लहान विकृतीही पडद्यावर सुळक्यांच्या रूपाने दाखवितात. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा पन्नास वॅटी तारेचा रेझिस्टन्स लावावा, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. १० वॅट ८ ओहमांत गेले की टोकांवर जवळपास ९ व्होल्ट येतात आणि साउंड कार्डाची झेप एक-दोन व्होल्टांची. तेव्हा मध्ये दोन रेझिस्टन्स घालून दहावा हिस्साच पुढे पाठवावा. एक हजार हर्ट्झचा शुद्ध सूर आत सोडला असता बाहेर दोन हजार, तीन हजार, चार हजारांवर जे सुळके उभे राहतात ती यंत्राने पदरची घातलेली भर. ही भर काबूत ठेवण्याची किल्ली हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्यास २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, कामावर जाण्यासाठी हडसन नदी ओलांडीत असताना, नावेत सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने तिचे टिपण केले: बाहेर पडणाऱ्या लहरीचा अल्पांश परत आत आणून मूळ लहरीशी ताडावा आणि जो फरक पडेल तेवढा वजा करावा. यंत्रानेच स्वतःची मोजणी करून स्वतःला सुधारावे, असा हा प्रकार. आजचा एकही चांगला अ‍ॅम्प्लिफायर त्यावाचून बनत नाही म्हटले तरी चालेल.

पहिले नवे काम कोणते घ्यावे असे कोणी विचारले तर मी जॉन लिन्स्ली हूड यांचे नाव घेईन. त्यांचा चार ट्रान्झिस्टरांचा दहा वॅटी ‘क्लास ए’ अ‍ॅम्प्लिफायर एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी नियतकालिकात आला, आणि तो अजून ठिकठिकाणी जुळविला जात आहे. त्यात शेवटचे दोन्ही ट्रान्झिस्टर सदोदित जागे असतात; हस्तांतरच नाही, म्हणून खाचही नाही. किंमत विजेत मोजावी लागते. २७ व्होल्टांवर १.२ अँपिअर, म्हणजे प्रत्येक बाजूस ३२ वॅटांहून अधिक वीज, गाणे चालू असो की नसो, अखंड उष्णतेत जाते; दोन बाजूंचे मिळून पासष्ट वॅट. कोकणात किंवा विदर्भात वैशाखात हे यंत्र घरात चालविणाऱ्याने पंख्याखालील जागा आधी निश्चित करावी. पण चारच ट्रान्झिस्टर असल्यामुळे प्रत्येक बिंदूवरील व्होल्टता कागदावर काढता येते, मग मीटरने ताडता येते, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे दोष कोठे आहे हे पाच मिनिटांत सापडते. तळहाताएवढ्या तयार पाटीत हे सुख नाही. ती बिघडली की फेकून द्यावयाची.

शेवटी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून ऐकण्याचा मोह होतोच, आणि तेथे स्वनिर्मित यंत्राविषयीचे प्रेम आड येते. शिवाय साठी ओलांडलेला कान बहुधा दहा-बारा हजार हर्ट्झच्या पुढे ऐकत नाही. ज्या वयात उंची ट्वीटर परवडतो त्या वयात त्याचा निम्मा माल वाया जातो, ही निसर्गाची एक थट्टा म्हणावयाची. तेव्हा चाचणी रीतसर घ्यावी. दोन्ही यंत्रांतून ४०० हर्ट्झचा सूर सोडून स्पीकरच्या टोकांवरची व्होल्टता मल्टिमीटरने एक टक्क्याच्या आत सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. मग यंत्रे पडद्याआड ठेवून नातवाला स्विचपाशी बसवावे. त्याने नाणे उडवून कोणते यंत्र लावावयाचे ते ठरवावे, वहीत लिहून ठेवावे आणि आजोबांनी कितीही आर्जव केले तरी मध्येच सांगू नये. सोळा फेऱ्या घ्याव्यात. सोळांपैकी बारा उत्तरे बरोबर आली तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानण्यास हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने बारा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव चार टक्क्यांहून कमी आहे. आठ-नऊच आली तर दोहोंपैकी जे यंत्र कमी तापते ते दिवाणखान्यात ठेवावे.